हीर म्हणजे इकडे ये

मुनीर,

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी डेस्कवरच्या मुलीनं मलाच फोन केला. "सर, तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही." सात ओळी झाल्या. वय, दफनविधीची वेळ, मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली असा परिवार. नावं दोनदा तपासली. नियमाप्रमाणे तुझी सगळी क्रियापदं भूतकाळात नेली. 'छायाचित्रकार म्हणून परिचित आहेत' याचं 'होते' केलं. हे काम मी तीस वर्षं इतरांसाठी केलं आहे. हात थांबला नाही.

बादल त्या सात ओळींत नव्हता. मृताच्या परिवारात कुत्रा मोजायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता तुझं चाळिसावं होऊन गेलं. बातमीत जे बसलं नाही ते लिहितो आहे. त्यात एक चूकदुरुस्तीही आहे. ती तुझ्या हयातीतच द्यायला हवी होती.

बादल आला तेव्हा दीड महिन्याचा होता. लोह्याजवळच्या एका शेतात जर्मन शेफर्डची पैदास होते, तिथून तू त्याला कॅमेऱ्याच्या पिशवीत घालून आणलास. कॅमेरा गळ्यात आणि पिशवीत कुत्रा. शकिला भाभींनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि दारातच अट घातली. कुत्रा घरापुढच्या स्टुडिओच्या पायरीपर्यंत. चौकटीच्या आत नमाज होते, तिथं त्याचं काम नाही. तू लगेच मान डोलावलीस. मग भाभींनी स्वयंपाकघरातून पोचे आलेलं एक अॅल्युमिनियमचं पातेलं आणून पायरीवर ठेवलं.

"घ्या. जर्मनच्या कुत्र्याला जर्मनचं पातेलं."

मला वाटतं, सगळं त्या वाक्यापासून सुरू झालं. आठवड्याभरानं चहाच्या टपरीवर तू मला विचारलंस, "वाघमाऱ्या, ह्या पोराशी आपन कोनत्या भाषेत बोलावं?"

मी म्हणालो, "लोह्याच्या. तिथं जन्मलाय."

"जन्मलाय लोह्यात. पन बनलाय तिकडं."

"त्याचे आईबाप लोह्यातले. त्यांचे आईबाप परभणीचे. मी विचारून घेतलंय."

"तुझं विचारून घेनं राहू दे. ह्याच्या खानदानात कुनीतरी मेंढरं राखली असतील का न्हाई? त्याला कुनीतरी हाक मारली आसंल का न्हाई? ती हाक ह्याला एकदा तरी ऐकू यावी, एवढंच म्हनून राहिलो मी."

मी हसलो. तू हसला नाहीस. कप खाली ठेवून म्हणालास, "हैदराबादचे पाहुणे माझ्या उर्दूला हसतात. आपल्या पेपरातले पुण्याचे साहेब माझ्या मराठीला हसायचे. तूबी हसायचा, मी कॅप्शन लिहून दिली की. ह्या जनावराला तरी त्याच्या भाषेत धड बोलावं."

मी तुझ्या कॅप्शन दुरुस्त करायचो, हसायचो नाही, असं तेव्हा म्हणालो. आता आठवून पाहिलं तर दोन्ही करायचो.

सुरुवातीला तू फोनवरून शब्द उचललेस. 'हिअर' म्हणजे इकडे ये, हा पहिला. पण तुझ्या तोंडून तो 'हीर' असा निघायचा, आणि आपल्या भागात हीर म्हणजे विहीर. तुझ्या गल्लीच्या टोकाला जुनी विहीर आहे, जाळी बसवलेली. एका सकाळी पिल्लू त्या बाजूला पळालं आणि तू अनवाणी मागे धावत सुटलास, "हीर! हीर! हीर!" कोपऱ्यावरचे टेलर कात्री टाकून बाहेर आले. दूधवाल्यानं गाडी आडवी घातली. समोरच्या घरातून दोघं दोर घेऊन आले.

"कोन पडलं? कुनाचं पोरगं हाय?"

"कुनी न्हाई पडलं! कुत्र्याला हाका मारून राहिलो मी!"

"मग हीर कशाला म्हनता?"

"जर्मन हाय ते!"

टेलर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मुनीरभाई, उद्या आग लागल्यावर काय म्हणाल, ते आजच सांगून ठेवा."

त्या दिवसापासून गल्लीतली सगळी पोरं बादलला 'हीर, हीर' म्हणू लागली. भाभीही म्हणायच्या, मीही म्हणायचो. तो कुणाकडेच जायचा नाही. पुढे तुझ्याकडे मात्र जायचा. आम्ही समजत होतो, तो फक्त तुझं ऐकतो. एवढ्या वर्षांच्या बातमीदारीत मला दुसरं कारण शोधावंसं वाटलं नाही.

मग तू लातूर गाठलंस. जर्मनीत नोकरीला जाणाऱ्या नर्सेससाठी तिथं शनिवारी वर्ग चालतो. शिकवण्यांची इमारत, खालच्या दोन मजल्यांवर डॉक्टर व्हायला निघालेली मुलं, तिसऱ्यावर जर्मन. कीर्ती मॅडम तुझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात शिकण्याचं कारण विचारलं होतं: नोकरी, शिक्षण, कुटुंब, इतर. परत आल्यावर मी विचारलं, "काय भरलंस?"

"इतर. समोर लिहिलं, कुत्रा."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, काका, कुत्र्याचा व्हिसा झाला का?"

दीड वर्ष तू जात राहिलास. सकाळची एस.टी., लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली की मला फोन यायचा, "बादलच्या आजोळी आलोय, काही निरोप?" वर्गात नर्सेस तुला चाचा म्हणायच्या आणि सरावासाठी पेशंट करायच्या. 'वो टुट एस वे?', कुठं दुखतंय? तू गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचास, 'हिअर.' इकडे आणि इथे, दोन्हीला तोच शब्द, हे तू मला समजावून सांगितलंस. पुढे बादलच्या पंजात बाभळीचा काटा गेला तेव्हा तू त्याच्यासमोर उकिडवा बसून गंभीरपणे हेच विचारत होतास. मी म्हणालो, पंजा बघ की सरळ. तू म्हणालास, "विचारून घ्यावं. तुझंच शिक्षन हाय."

एकदा तू वहीतून मान वर काढलीस आणि अगदी खुशीत येऊन म्हणालास, "वाघमाऱ्या, आपल्याकडं कुत्र्याला काय म्हनतात? हाड. म्हंजे नीघ. आन तिकडं हाट म्हंजे काय, माहीताय? जवळ आहे. त्याच्याकडं आहे. एका अक्षराचा खेळ हाय, बघ."

मी म्हणालो, ड आणि ट ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि दोन भाषांतल्या आवाजांच्या साम्यातून काहीही सिद्ध होत नाही. वाक्य बरोबर होतं. तुझा चेहरा पडला, तेही मी पाहिलं होतं.

आता त्या चाचणीबद्दल.

आपला वाद वर्षभर चालला होता. माझं म्हणणं, कुत्र्याला शब्द कळत नाही, सूर कळतो. तुझं म्हणणं, शब्द कळतो आणि बरोबर म्हटलेला शब्द जास्त कळतो. गेल्या हिवाळ्यात मीच सुचवलं, तपासून पाहू. नदीकाठच्या मोकळ्या जागेत सकाळी आपण गेलो. अटी मी ठरवल्या. हात पाठीमागे बांधायचे, अंग हलवायचं नाही, फक्त आवाज. तू 'प्लाट्स' म्हणालास, बादल आडवा झाला. त्याला उठवून तू बाजूला झालास. मग मी तुझ्या सुरात, तुझ्यासारखा शेवटी झटका देऊन म्हणालो, 'पाट'. जेवायला मांडतात तो पाट. बादल क्षणभर उभा राहिला. मग आडवा झाला.

तू म्हणालास, "जिंकलास तू."

तीन आठवडे तू चहाला आला नाहीस. मग आलास, पावसापाण्याचं बोललास आणि त्या विषयावर पुन्हा चकार शब्द काढला नाहीस. लातूरला जाणं मात्र थांबवलं नाहीस. मला निरोप विचारणारा फोन लोह्याहून यायचा थांबला.

चूकदुरुस्ती अशी. 'पाट' म्हटल्यावर बादल उभाच होता. तेव्हा मी डावा खांदा खाली केला. तू 'प्लाट्स' म्हणताना नेहमी करायचास तसा, बोटभर. तू कुत्र्याकडे पाहत होतास, माझ्याकडे नाही. अट मी घातली आणि मीच मोडली. निकाल खोटा होता. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई फिरवली, त्यानं हे केलं आणि वर चहाही मागवला.

सांगायचं तीनदा ठरवलं होतं. एकदा तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे होता, एकदा मला ताप होता, आणि एकदा कारणच नव्हतं.

तू गेलास त्या सोमवारी सकाळी तुझ्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा आली. तू स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बसलास. दुपारी फोन आला तो दवाखान्यातून. तुझ्या त्या दिवसाबद्दल मला इतकंच माहीत आहे, आणि लिहायला इतकंच पुरे.

पण पायरीवर काय झालं ते तुला माहीत नाही. म्हणून ते नीट लिहितो.

दफनविधीच्या दिवशी लोक तुझ्या घरी आले तेव्हा बादल स्टुडिओच्या पायरीवर बसलेला होता. मंगळवारी तिथंच. बुधवारी तिथंच. तो अजिबात हलत नव्हता असं लोक सांगत होते, ते खरं नाही. दिवसातून दोनदा तो लिंबाच्या झाडापर्यंत जायचा आणि परत त्याच पायरीवर, त्याच कोपऱ्यात येऊन बसायचा. भाकरीला तोंड लावत नव्हता. पाणी कुणी जिभेला टेकवलं तर चाटायचा. माणसं चपला काढताना त्याला वळसा घालत होती. टेलर म्हणाले, "जनावर हाय पन दुःख करून राहिलंय." कुणीतरी त्याचा फोटोही काढला. वाईट फोटो होता. उजेड मागून होता, तू ओरडला असतास.

तुझ्या इम्राननं मुदखेडच्या बाजूला शेत असलेल्या एका मित्राशी बोलून ठेवलं होतं. त्याला सुट्टी संपून हैदराबादला जायचं होतं, आणि न खाणारा, कुणाचं न ऐकणारा एवढा मोठा कुत्रा आईजवळ एकटा ठेवायला तो तयार नव्हता. त्यात चूक काहीच नव्हती. शुक्रवारी दुपारी जीप येणार होती. भाभींनी फक्त एक सांगितलं, "न्यायचं तर त्याच्या पायानं जाऊ द्या. बांधून, उचलून नेऊ नका. ह्यांना आवडलं नसतं."

मी गुरुवारी सकाळी गेलो. भाभी इद्दतीत होत्या, नवऱ्यामागच्या शोकाच्या मुदतीत, पडद्याआड बसलेल्या. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, आणि उघड्या दारातून पायरीवरची बादलची पाठ दिसत होती. सांत्वनाची वाक्यं मला येत नाहीत, हे तुला माहीत आहे. मी प्रश्न विचारला.

"भाभी, मुनीर रिक्षात बसला तेव्हा बादल कुठं होता?"

"पाठीमागं निघाला ना, भाईसाब. रिक्षाच्या मागं. मग ह्यांनी बाहेर हात काढला, आन काय की म्हनले. ब्लाइप. असं काहीतरी. तो मागं फिरून पायरीवर बसला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय. रिक्षा गेली."

ब्लाइप मला माहीत होतं. थांब. सांगेपर्यंत थांब. तू वर्षभर त्याला दुकानाबाहेर ब्लाइप म्हणून आत चहा प्यायचास आणि बाहेर येऊन हाक मारायचास. तोवर तो जागचा उठायचा नाही.

"भाभी, तो शोक करत असेल, नसेल, मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण त्याला थांब म्हणून सांगितलंय. ये म्हणून अजून कुणी सांगितलेलं नाही."

पडदा हलला. मग भाभी म्हणाल्या, "या अल्ला. मग सांगा की हो त्याला."

मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "हीर." बादलचा एक कान फिरला, बाकी काही नाही. तुझ्या सुरात म्हणून पाहिलं. मोठ्यानं, हळू. खांदाही हलवून पाहिला, मुनीर. सगळं करून पाहिलं. तो गल्लीच्या टोकाकडे बघत राहिला. तिकडूनच रिक्षा गेली होती.

तुझा आवाज कुठंतरी असणार म्हणून फोन मागितला. तो तुझ्या बोटाशिवाय उघडत नव्हता. मग भाभींना वही आठवली. निळ्या पुठ्ठ्याची, लातूरची. पडद्याखालून त्यांनी ती सरकवली. मी उघडली आणि मिटली. संपूर्ण वही उर्दूत. जर्मन शब्द, त्यांचे उच्चार, त्यांचे अर्थ, सगळं तू उर्दू लिपीत लिहून ठेवलं होतंस. तीस वर्षं मी तुझ्याशेजारी काम केलं आणि तुझं अलिफही शिकलो नाही. तू माझ्या मराठीत कॅप्शन लिहीत होतास.

वही परत पडद्याखालून गेली. भाभी वाचू लागल्या.

"हं. हे बघा, इथं हाय. हेर. न्हाई, हैर."

"हीर का?"

"हीर बी होतंय. आमच्यात तिन्हीला एकच अक्षर हाय, भाईसाब. समोर लिवलंय, इधर आ."

"आणखी काही?"

"बाजूला बारीक अक्षरात लिवलंय. र खा जाना."

"काय खा?"

"र. रे. रे खा जाना. खायचं काहीतरी दिसतंय. अर्धंच लिवलंय. रोट आसंल. इम्रान! रोट आन रे आतला, कालचा!"

इम्राननं गोड रोटाचा तुकडा आणला आणि बादलच्या नाकासमोर धरला. बादलनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"रोट न्हाई म्हनतोय," इम्रान म्हणाला.

"मग रस्सा आसंल," भाभी आतून म्हणाल्या. "र म्हनून अजून काय काय खातात?"

तेव्हा मला कळलं. ते तुझं वाक्य नव्हतंच, माझं होतं. छापून आलेल्या मजकुरात एखादं अक्षर गळलं की मी डेस्कवरून ओरडायचो, "कुणी खाल्लं रे अक्षर?" तू अंधारखोलीच्या दारातून उत्तर द्यायचास, "भूक लागली होती, साहेब!" कीर्ती मॅडमनी तुला शेवटचा र म्हणायचा नाही असं सांगितलं असणार. तू ते घरच्या भाषेत टिपून ठेवलंस. र खा जाना.

हीर नव्हे. हीअ. र ओठांपर्यंत येऊ द्यायचाच नाही.

मी पायरीच्या खाली उतरून उभा राहिलो. हात मागे बांधले. खांदे सरळ ठेवले. तुझा सूर काढला नाही. तो मला जमतही नव्हता. माझ्या साध्या, बातमी वाचून दाखवायच्या आवाजात म्हणालो,

"हीअ."

बादल उठला. पुढचे पाय ताठ झाले होते, ते त्यानं एकेक करून टेकवले. पायरी उतरला, माझ्यापर्यंत आला, गुडघ्याचा वास घेतला. मग माझ्या बाजूनं जाऊन जर्मनच्या पातेल्यात तोंड घातलं. पाणी पिण्याचा आवाज आतपर्यंत गेला असावा, कारण भाभींनी विचारलं,

"उठला का?"

"उठला."

पडद्यामागून भाकरीची टोपली ओढल्याचा आवाज आला. मग भाभी म्हणाल्या, "भाकर चुरून देते. दूध घालू का?"

एका प्रसंगावरून सिद्धांत मांडू नये, हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो आहे. तरी नोंद करतो. वर्षभर सगळी गल्ली 'हीर' म्हणत होती, तो कुणाकडे गेला नाही. माझ्या साध्या आवाजात, हात बांधून, सूर न काढता शब्द बरोबर म्हटला, तो आला. माझा दावा मी मागे घेतो. शब्द कळतो. बरोबर म्हटलेला शब्द जास्त कळतो. तुझंच खरं होतं.

हे मी त्याच सकाळी इम्रानला सांगितलं, खांद्यासकट. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, अब्बांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही खांदा पाडला ते. मागाहून मला फोनवर सांगत होते. हसून राहिले होते. म्हनले, वाघमाऱ्याला हरवलं तर तो चहा पाजायचा न्हाई, म्हनून सोडून दिलं."

तीन आठवडे तू चहाला आला नव्हतास, म्हणजे हसण्यापर्यंत पोचायला तुला तेवढे दिवस लागले असणार. ते दिवस माझ्या नावावर आहेत. उरलेल्या महिन्यांत तू माझ्यासमोर बसून चहा प्यायलास, सगळं माहीत असून, आणि मला बोलायला वाट दिलीस. मी बोललो नाही. तूही नाही. याबद्दल तुझ्याशी भांडायचं होतं. आता आभार मानतो. दुसरं काही हातात नाही.

शुक्रवारची जीप आली नाही. इम्राननं विचारलं, "रोज कोन बघनार, चाचा?" मी म्हणालो, सकाळ-संध्याकाळ मी येईन. पडद्यामागून आवाज आला, "आन मी काय मेले का? मधल्या वेळात मी हाय की." भाभी आता पडद्याआडून त्याला आज्ञा करतात. ब्लाइप त्यांचा अगदी स्वच्छ आहे, माझ्यापेक्षा चांगला. र त्या सफाईनं खातात. वही त्यांच्याकडे असते. त्या रोज एक पान वाचतात, मी बाहेरच्या खुर्चीत बसून मराठीत उतरवून घेतो. बदल्यात त्या मला उर्दूची अक्षरं शिकवतात. अलिफपासून सुरुवात केली आहे. माझी अक्षरं बघून त्या म्हणाल्या, "भाईसाब, ह्यापेक्षा बादलचा पंजा बरा उमटंल." चौकटीची अट अजून कायम आहे. बादलनं ती मोडलेली नाही, भाभींनीही नाही. पण पातेलं आता चौकटीला टेकून ठेवलेलं असतं.

मोठ्या मैदानात बादल अजूनही कधी कधी थांबतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांकडे बघतो. मी घाई करत नाही. मग शब्द म्हणतो. तो येतो.

गेल्या शनिवारी मी सकाळची एस.टी. पकडली. लोह्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. फोन हातात घेतला होता, कुणाला करायचा ते सुचेना, तेव्हा भाभींना केला. म्हणालो, बादलच्या आजोळी आलोय. त्या म्हणाल्या, "त्याला सांगते."

लातूरला तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला दम लागला. तू हे जिने दीड वर्ष त्या गुडघ्यांनी चढलास. कीर्ती मॅडमनी मला ओळखलं. तू माझ्याबद्दल त्यांना काय काय सांगितलं होतंस ते त्यांनी सभ्यपणे वगळलं. फॉर्म समोर ठेवला. कारण या रकान्याशी मी थांबलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या मित्राचा बघायचाय का?" फाइलमधून तुझा फॉर्म काढला. तू मला खोटं सांगितलं होतंस. 'इतर'वर खूण नव्हती. खूण 'कुटुंब'वर होती, आणि पुढे, तुझ्या त्या वेड्यावाकड्या मराठीत, 'कुत्रा'. त्याला माझी एकही दुरुस्ती लागली नसती.

वर्ग सुरू झाला. नर्सेसनी जागा करून दिली. तुझीच खुर्ची होती हे मला मागाहून कळलं. त्या दिवशीचा धडा होता, कुणाकडे काय आहे. प्रत्येकानं एक वाक्य लिहायचं. एकीनं लिहिलं, माझ्याकडे दोन भाऊ आहेत. दुसरीनं, माझ्या आईकडे शिलाई मशीन आहे. मी देवनागरीत लिहिलं: माइन फ्रॉइंट हाट आइनेन हुंट. माझ्या मित्राकडे कुत्रा आहे.

मॅडम बाकांमधून तपासत आल्या. माझ्या वहीशी थांबल्या. पेन्सिल 'हाट'वर आली आणि तिथं थबकली. त्या तुला ओळखत होत्या, म्हणून हळू विचारलं, "सर, भूतकाळ हवाय का? मग हाटे होईल. एक मात्रा फक्त."

एक मात्रा. तीस वर्षं मी अशाच मात्रा देत आलो. गेलेल्या प्रत्येकाला, वेळेत, न चुकता. पाच आठवड्यांपूर्वी तुलाही दिली.

"नको," मी म्हणालो. "आहे तसंच राहू द्या."